लेकीला नर्सिंगला पाठवायचंय? पैशाची तजवीज आधी करा



रब्बीच्या पेरण्या उरकल्या. ज्वारी गुडघ्याला लागली आहे आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी खाऊन झाली आहे. या खेपेला घाटेअळीवर लिहायचे ठरले होते. पण गावोगाव हिंडताना बांधावर, पारावर, पंचायत समितीच्या व्हरांड्यात एकच प्रश्न वारंवार कानावर आला. "साहेब, पोरगी बारावीला हाय. नर्सिंगला जायचं म्हनती. खर्च झेपंल का?" घाटेअळी पुढच्या अंकात पाहू. बारावीच्या मुलीचे कागद मात्र पुढच्या अंकापर्यंत थांबणार नाहीत, म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

मी कृषीचा पदवीधर. दवाखान्यातले मला फारसे कळत नाही. पण कुठल्या योजनेला कोणता कागद लागतो, तो कुठल्या टेबलावर अडकतो आणि अडकला की काय करावे, हे पाहण्यात नोकरीची तीस वर्षे गेली. ठिबकच्या अनुदानाचे असो की मुलीच्या फीचे, कागदाचे गणित एकच असते.

आपल्याकडे हे शिक्षण नवे नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हापासून विधवा आणि गरीब घरच्या बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची खटपट सुरू झाली. त्या काळी लोकांनी नावे ठेवली. आज त्याच कामाला सरकारी दवाखान्यात चांगला पगार आहे. राज्य शासनाच्या रुग्णालयातील अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि भत्ते वेगळे. खासगी दवाखान्यात सुरुवातीचा पगार यापेक्षा बराच कमी असतो, हेही आताच सांगतो. कर्ज काढताना हा खासगी पगारच डोळ्यांपुढे ठेवायचा आहे.

आधी कोर्स ठरवा

नर्सिंग म्हणजे एकच कोर्स नव्हे. जसे सोयाबीन म्हटले तरी वाण कोणता हे विचारावे लागते, तसेच इथे आहे.

पहिला ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपकेंद्रावर येणाऱ्या आरोग्यसेविका बहुधा हाच कोर्स केलेल्या असतात.

दुसरा जी.एन.एम. हा तीन वर्षांचा. बारावीला इंग्रजी असावे आणि ४० टक्के गुण असावेत. कला शाखेच्या मुलींनाही तो खुला आहे आणि मुलांनाही. तो करून नोकरी धरली तरी पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक कोर्स करून पदवी मिळवता येते.

तिसरा बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा. त्याला बारावी विज्ञान शाखा हवी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुणांची अट आहे. शिवाय राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

इथेच पुष्कळ घरांची गाडी चुकते. आपण समजतो, बारावीचा निकाल लागू दे, मग बघू. या सीईटीचे अर्ज मात्र निकालाच्या कितीतरी आधी, साधारण हिवाळ्यातच भरून घेतात. मे महिन्यात निकाल हाती आला तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. वाफसा निघून गेल्यावर पेरले तर बी उगवत नाही, मग ते कितीही चांगले असो. तेव्हा बारावीची मुलगी घरात असेल तर या आठवड्यातच सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील तारखा बघून घ्या. घरी जमत नसेल तर शाळेतल्या गुरुजींना किंवा सेवा केंद्रावर विचारा. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.च्या प्रवेशाची त्या वर्षीची पद्धतही तिथेच पाहावी.

संस्था तपासल्याशिवाय रुपया देऊ नका

माझ्या ओळखीच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. चार एकर जमीन, दोन मुली, एक मुलगा. थोरली बारावी कला शाखेत पास झाली. तालुक्याच्या गावी एक एजंट भेटला. "एका वर्षात नर्स होईल, नोकरीची हमी, सत्तर हजार भरा, जागा दोनच उरल्यात." हा गृहस्थ बैलजोडी विकायला निघाला. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला, तो बैलाला काय भाव मिळेल हे विचारायला.

मी ते पत्रक मागून घेतले. मुलगीही सोबत होती. तिला तीन प्रश्न लिहून दिले आणि म्हटले, हे तू स्वतः विचार. या संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय? परीक्षा कोण घेते? पास झाल्यावर परिषदेकडे नाव नोंदवता येते काय?

दुसऱ्या दिवशी तिने एजंटला विचारले. तो म्हणाला, "तुला शिकायचंय का चौकशी करायचीय?" मुलगी बापाकडे वळून म्हणाली, "दादा, बैल घरी न्या."

पुढच्या प्रवेशाला तिने नियमाने अर्ज केला. जी.एन.एम.साठी तिला सरकारी रुग्णालयाच्या शाळेत जागा मिळाली. वर्ष गेले, पण बैल राहिले आणि शिक्षण खरे मिळाले.

हे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.ची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून नोकरी करता येत नाही. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे लेबल नसलेली बियाण्याची पिशवी. विकणारा नंतर सापडत नाही.

मान्यता पैशासाठीही महत्त्वाची आहे. मान्यता नसेल तर शिष्यवृत्ती नाही आणि बँकेचे कर्जही नाही.

फीची सवलत कोणाला, किती

सरकारी महाविद्यालयाची फी खासगीपेक्षा फार कमी असते. म्हणून पर्याय भरताना सरकारी संस्था वरच्या क्रमांकावर टाका, मग ती चार तास लांब का असेना. वसतिगृहाचा विचार पुढे केलाच आहे.

मुलींसाठी मोठी गोष्ट अशी की ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झाली. आधी ही सवलत ५० टक्के होती. ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. मात्र एक अट नीट ध्यानात घ्या. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे यादीतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेत थेट जाऊन घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही यातून वगळली आहेत. कोणी म्हणाले, "यादीच्या भानगडीत कशाला पडता, आमच्याकडे थेट या," तर समजावे की तो तुमची फीमाफी घालवतो आहे. ए.एन.एम., जी.एन.एम.ला कोणती योजना लागू होते, हे प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारून घ्या आणि महाडीबीटीच्या यादीत कोर्सचे नाव स्वतः पाहा.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा २ लाख ५० हजार आहे. फीसोबत निर्वाहभत्ताही मिळतो. अनुसूचित जातीच्या कुटुंबाचे उत्पन्न त्याहून जास्त असले तरी फी आणि परीक्षा फी माफीची वेगळी योजना आहे, तेव्हा मर्यादा ओलांडली म्हणून घरी बसू नका.

हे सारे अर्ज महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर भरायचे असतात. आपण शेती अवजारांसाठी जे महाडीबीटी वापरतो, त्याचाच हा शिष्यवृत्तीचा भाग. अर्ज प्रवेश झाल्यावर भरायचा आणि दरवर्षी नव्याने पुढे चालू करायचा. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरले, असे फार घरांत घडते.

फीमाफीला पात्र असलेल्या मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण फी आगाऊ मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. कोणी मागितली तर नम्रपणे लेखी मागणी द्यायला सांगा. बऱ्याचदा लेखी म्हटले की मागणी मावळते.

फीपेक्षा मोठा खर्च: राहणे आणि जेवण

फी माफ झाली म्हणजे सगळे फुकट झाले असे समजू नये. वसतिगृह, खानावळ, गणवेश, पुस्तके, अनामत आणि एसटीचे भाडे हा खर्च आपलाच. मुलगी पहिल्या वर्षी शिक्षण सोडून घरी येते ती बहुधा याच खर्चापायी. म्हणून आधी याची सोय पाहा.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी खास अशी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलामुलींना तिचा लाभ होतो. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेला. त्याचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. सोबत सातबारा आणि आठ-अ लागतो. भावाभावांत वाटण्या झाल्या पण सातबारा अजून आजोबांच्याच नावावर आहे, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ. अशा ठिकाणी दाखला अडतो. वारसनोंद आणि फेरफार या उन्हाळ्याच्या आत करून घ्या.

अनुसूचित जातीच्या मुलींना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत थेट खात्यावर जमा होते. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. यांपैकी एका वेळी एकच घेता येते. पुण्यात शिकायला जाणाऱ्या ग्रामीण मुलामुलींसाठी विद्यार्थी सहायक समितीची वसतिगृहे १९५५ पासून चालू आहेत. तिथे गरजू मुलांना कमी खर्चात राहता येते.

एक पैसाही न लागणारी वाट

ही वाट फार थोड्या घरांना ठाऊक आहे. सैन्याच्या वैद्यकीय सेवेची बी.एस्सी. नर्सिंगची महाविद्यालये आहेत. त्यांपैकी दोन आपल्या राज्यात आहेत: पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे नौदलाचे आय.एन.एच.एस. अश्विनी रुग्णालय. शिक्षण, राहणे, जेवण सरकारी खर्चाने आणि वर विद्यावेतन. बदल्यात ठरलेली वर्षे सैन्यात अधिकारी म्हणून नोकरी करण्याचा करार करावा लागतो. अविवाहित मुलींसाठी ही सोय आहे. बारावी विज्ञान पहिल्याच प्रयत्नात, ५० टक्के गुणांनी पास असावी आणि नीट परीक्षा दिलेली असावी. जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी आहे. तरी ज्या मुलीने नीटचा अभ्यास केलाच आहे तिने अर्ज टाकण्यात काही जात नाही.

कर्ज घ्यायचेच तर

एवढे करूनही कमी पडले तर कर्ज काढावे, पण कुणाकडून? सावकार शेकडा तीन रुपये महिना मागतो. ऐकायला तीनच, पण वर्षाचे छत्तीस झाले. दोन लाखांवर वर्षाला ७२,००० रुपये नुसते व्याज. तेच दोन लाख बँकेने दहा टक्क्यांनी दिले तर वर्षाचे व्याज २०,००० रुपये. फरक ५२,००० रुपयांचा.

बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. म्हणजे जमीन गहाण टाकण्याचा प्रश्न येत नाही. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. त्या काळातले व्याज मात्र चढत राहते. जमेल तसे ते भरत गेले तर पुढचा भार हलका होतो. अर्ज विद्या लक्ष्मी पोर्टलवरूनही करता येतो. इतर मागास वर्गातील मुलीने बँकेचे कर्ज घेतले तर राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिची चौकशी कर्ज मंजूर होण्याआधी जिल्हा कार्यालयात करा.

बँक वडिलांना सहकर्जदार धरते आणि त्यांची जुनी थकबाकी पाहते. म्हणून सोसायटीचे पीककर्ज वेळेत नवे-जुने करून ठेवा. शाखेने नाही म्हटले तर "नकार लेखी द्या" एवढेच म्हणा आणि तो कागद घेऊन वरच्या कार्यालयात जा.

किती कर्ज काढावे? माझा सल्ला असा की महिन्याचा हप्ता खासगी दवाखान्यातल्या पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शावर जाऊ नये. दोन लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ४,२५० रुपये पडतात. हा आकडा मुलीसमोर बसून मांडा. फेडणार ती आहे, तेव्हा तिला तो माहीत हवा.

कागदांचे वेळापत्रक

जातीचा दाखला आणि त्यापुढची जात वैधता ही सर्वांत वेळखाऊ गोष्ट. मुलगी अकरावीत असतानाच शाळेमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज घाला. वंशावळ, आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले आणि जुनी महसुली नोंद हे शोधायला महिने लागतात.

उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षापुरता चालतो, म्हणून एप्रिल उजाडताच नवा काढा. नॉन-क्रिमी लेयरचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे. इथे एक बारकावा आहे. नॉन-क्रिमी लेयरची उत्पन्न मर्यादा पाहताना शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरत नाहीत, मोठ्या बागायतीची अट तेवढी वेगळी आहे. साध्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र सगळे उत्पन्न धरतात. दोन्ही कागद निराळे आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

अधिवास दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि रेशनकार्ड यांचे चार-चार झेरॉक्स संच करून पत्र्याच्या पेटीत ठेवा. मूळ कागद कुणा एजंटाच्या हाती देऊ नका. मुलीच्या स्वतःच्या नावावर बँक खाते हवे आणि ते आधारला जोडलेले हवे. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खाते न जोडल्यामुळे पैसे अडकून पडतात. आधारवर, गुणपत्रिकेवर आणि बँकेत नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हेही बघा. एका अक्षरापायी वर्षभर हेलपाटे घालणारे बाप मी पाहिले आहेत.

शेवटी घरातले

बरेचदा पैसा असतो, पण तो मुलाच्या नावाने बाजूला ठेवलेला असतो. "मुलगी काय, परक्याचं धन," असे अजूनही ऐकू येते. मी एवढेच म्हणतो की मुलाच्या शिक्षणाचा हिशेब जसा पाटीवर मांडता, तसाच मुलीचाही एकदा मांडा. फीमाफी, वसतिगृहाचा भत्ता आणि सरकारी जागा वजा करून जी रक्कम उरेल ती बहुतेक घरांत बैलजोडीपेक्षा कमी भरेल. त्या आकड्यावर बसून बोला, नुसत्या भीतीवर बोलू नका. आणि बोलताना मुलीची आईही बसलेली असावी. अडीनडीला दूध आणि कोंबड्यांचे पैसे तिच्याच गाठीला असतात.

या आठवड्यात तीन कामे करा. सीईटीची तारीख बघा, सातबारावर नाव कोणाचे आहे ते बघा आणि मुलीचे खाते आधारला जोडलेले आहे का ते बघा. पुढच्या अंकात हरभऱ्यावरची घाटेअळी. तोवर पक्ष्यांना बसायला शेतात मचाणे उभी करून ठेवा.